एकमताची किंमत : श्रीलंकेविषयीचे ठराव आणि मानवी हक्कांची मुत्सद्देगिरी

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत एखादा ठराव मतदानाशिवाय संमत झाला, की तो मांडणारी राष्ट्रे, ज्याच्याविषयी तो आहे ते राष्ट्र आणि वृत्तपत्रे असे सगळेच त्याला मुत्सद्देगिरीचे यश म्हणून मोकळे होतात. याउलट ठराव जेमतेम बहुमताने, बरीच राष्ट्रे तटस्थ राहिलेली असताना संमत झाला, तर त्याचे नैतिक वजन घटले असे मानले जाते. ही समजूत इतकी रूढ आहे की तिची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. तथापि श्रीलंकेतील यादवी युद्ध आणि त्याचे परिणाम यांविषयी २००९ ते २०२२ या काळात जिनिव्हात जे ठराव झाले, ते ओळीने पाहिले तर निष्कर्ष उलटा निघतो. ज्या ठरावावर एकमत झाले, त्यातील सर्वांत महत्त्वाचे आश्वासन कागदावरच राहिले. आणि ज्याला सत्तेचाळीसपैकी केवळ बावीस मते मिळाली, त्याने सुरू केलेले काम पुढेही चालू राहिले. राष्ट्राराष्ट्रांमधील समन्वय कशासाठी करायचा, हा प्रश्न त्यामुळे नव्याने विचारावा लागतो.

आधी परिषदेचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. आमसभेने १५ मार्च २००६ रोजी स्थापन केलेल्या या परिषदेत ४७ जागा असून त्यांपैकी आफ्रिकेला १३, आशिया-पॅसिफिक गटाला १३, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन गटाला ८, पश्चिम युरोप व इतर राष्ट्रांना ७ आणि पूर्व युरोपला ६ जागा आहेत. येथे कोणालाही नकाराधिकार नाही, आणि येथील ठराव सदस्य राष्ट्रांवर कायद्याने बंधनकारकही नसतात. पश्चिम व पूर्व युरोपच्या सगळ्या जागा एकत्र केल्या तरी त्या तेराच भरतात, म्हणून पाश्चात्त्य राष्ट्रांनी मांडलेल्या ठरावाचे भवितव्य आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिका यांच्याच हाती असते. शिवाय बहुमत मोजताना फक्त बाजूची आणि विरोधातली मते धरली जातात, तटस्थांची गणती होत नाही. यामुळे पडद्याआडच्या प्रयत्नांचा मोठा भाग पाठिंबा मिळवण्यापेक्षा विरोध सौम्य करण्यात खर्च होतो. विरोधात जाणाऱ्या राष्ट्राला तटस्थतेपर्यंत आणले तरी ठराव मांडणाऱ्यांचे अर्धे काम झालेले असते. तटस्थता म्हणजे काहीच न करणे, असा जो समज आहे तो या सभागृहात तरी खरा नाही.

ठराव घडतो तो सभागृहाबाहेर. ठराव मांडण्यासाठी एकत्र आलेल्या चार-सहा राष्ट्रांच्या गटाला प्रवर्तक गट म्हणता येईल. तो पहिला मसुदा तयार करतो, तो राजधान्यांकडे जातो, आणि मग सर्वांना खुल्या असलेल्या अनौपचारिक बैठकीत तो परिच्छेदवार वाचला जातो. अशी किमान एक बैठक घेणे परिषदेच्या कार्यपद्धतीनुसार अपेक्षित असते. वादग्रस्त शब्द चौकटी कंसात टाकले जातात, आणि कंस एकेक करून उडाले की मसुदा पक्का होतो. सभागृहातील मतदान हे मुहूर्तावरच्या अक्षतांसारखे असते; याद्या आधीच झालेल्या असतात. ठरावाचे दोन भाग असतात. प्रस्तावनेत पूर्वीच्या ठरावांचे, करारांचे आणि परिस्थितीचे स्मरण केले जाते. कृतिपर भागात कोणी काय करावे हे सांगितले जाते. या दुसऱ्या भागातील क्रियापदांची एक उतरंड आहे: नोंद घेणे, स्वागत करणे, प्रोत्साहन देणे, आवाहन करणे, आग्रह धरणे. प्रतिनिधी या उतरंडीवरून तासन्‌तास झगडतात, आणि ‘आग्रह’ काढून ‘प्रोत्साहन’ घातले की संबंधित राष्ट्र सुटकेचा निःश्वास टाकते. गंमत अशी की सर्वांत नरम वाटणारे क्रियापद सर्वांत परिणामकारक असते. ‘उच्चायुक्तांना विनंती करते’ हे शब्द परिषदेच्या तोंडून येतात तेव्हा ती विनंती नसून आदेश असतो, कारण मानवी हक्क उच्चायुक्तांचे कार्यालय ही संयुक्त राष्ट्रांचीच यंत्रणा आहे आणि तिला तो पाळावा लागतो. सार्वभौम राष्ट्राला केलेले कठोर आवाहन ते राष्ट्र केराच्या टोपलीत टाकू शकते; स्वतःच्या कार्यालयाला दिलेले काम मात्र सुरू होते. ठरावाची ताकद जोखायची तर त्यात कोणाला किती खडसावले आहे हे न पाहता कोणावर कोणते काम सोपवले आहे हे पाहावे लागते.

श्रीलंकेचे प्रकरण सुरू झाले ते ठराव मांडणाऱ्यांच्या पराभवाने. मे २००९ मध्ये लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम (लिट्टे) या तमिळ बंडखोर संघटनेचा पाडाव होऊन युद्ध संपले आणि त्याच महिन्याच्या २६ व २७ तारखांना परिषदेचे विशेष अधिवेशन भरले. पुढाकार युरोपीय राष्ट्रांचा होता, परंतु जिनिव्हातील श्रीलंकेच्या शिष्टमंडळाने त्यांच्या आधी स्वतःचाच मसुदा पुढे केला आणि त्यामागे अलिप्त राष्ट्रांची फळी उभी केली. युरोपीय राष्ट्रांनी त्याला दुरुस्त्या सुचवल्या, तेव्हा क्युबाने कार्यपद्धतीच्या नियमाचा आधार घेऊन चर्चा थांबवण्याचा प्रस्ताव आणला आणि त्या दुरुस्त्या मताला न पडताच राहिल्या. ठराव २९ विरुद्ध १२ मतांनी संमत झाला, सहा राष्ट्रे तटस्थ राहिली. भारत, चीन आणि पाकिस्तान ही एरवी क्वचितच एका बाजूला दिसणारी राष्ट्रे तेथे एकत्र होती. अखेरच्या महिन्यांत उत्तरेतील चिंचोळ्या पट्टीत अडकलेल्या नागरिकांचे काय झाले, याच्या चौकशीचा त्या ठरावात मागमूसही नव्हता. समन्वय हा मानवी हक्कांच्या बाजूनेच होतो असे नाही. त्याचे तंत्र कोणालाही वापरता येते आणि त्या वेळी ते कोलंबोने अधिक कौशल्याने वापरले, एवढे मान्य करावे लागते.

तीन वर्षांनी चित्र पालटले. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, श्रीलंका सरकारने स्वतः नेमलेल्या आयोगाच्या शिफारशीही पाठोपाठ आल्या, आणि अमेरिकेने त्या शिफारशींनाच आधार करून मार्च २०१२ मध्ये ठराव मांडला. ही चाल चतुर होती, कारण त्या राष्ट्राने स्वतःच मान्य केलेल्या गोष्टी अमलात आणा असे सांगणाऱ्यावर हस्तक्षेपाचा आरोप करणे अवघड जाते. २२ मार्च रोजी २४ मते बाजूने, १५ विरोधात आणि ८ तटस्थ असा निकाल लागला. आशिया-पॅसिफिक गटातून बाजूने मत देणारे भारत हे एकमेव राष्ट्र होते.

मात्र भारताने ते मत फुकट दिले नाही. उच्चायुक्तांच्या कार्यालयाने श्रीलंकेला सल्ला व तांत्रिक साहाय्य द्यावे, असे म्हणणाऱ्या परिच्छेदात भारताच्या आग्रहावरून एक उपवाक्य घालण्यात आले: हे साहाय्य श्रीलंका सरकारशी विचारविनिमय करून आणि त्याच्या संमतीने दिले जावे. ग्यानबाची मेख होती ती येथेच. शीर्षक तेच राहिले, मतांचा आकडा वाढला, दिल्लीला चेन्नईसमोर आणि कोलंबोसमोर एकाच वेळी उभे राहता आले. परंतु ठरावातून कामाला लागू शकणारा जो एकमेव परिच्छेद होता, त्याची किल्ली ज्याच्याविषयी तक्रार होती त्याच्याच हाती गेली. मतदानानंतर लगेच पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अध्यक्ष महिंदा राजपक्षे यांना पत्र लिहून भारताने मजकुरात समतोल आणल्याचे कळवले. पत्र खरे होते. प्रश्न एवढाच की तो समतोल कोणत्या दोन गोष्टींमधला होता.

भारताच्या भूमिकेला केवळ बोटचेपेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. १९८७ च्या भारत-श्रीलंका करारातून श्रीलंकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली, प्रांतिक परिषदा निर्माण झाल्या, आणि तमिळ जनतेला सत्तेत वाटा मिळवून देण्याचा तो मार्ग भारताने सातत्याने लावून धरला. ठरावांच्या दबावाच्या काळातच, २१ सप्टेंबर २०१३ रोजी, उत्तर प्रांताच्या परिषदेची निवडणूक झाली, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आणि परिषदांची मुदत संपल्यावर पुढच्या निवडणुका लांबणीवर पडत गेल्या, हेही विसरता येत नाही. देशांतर्गत राजकारणाचा ताणही होता. मार्च २०१३ मध्ये दुसऱ्या ठरावाच्या तोंडावर, भारताची भूमिका पुरेशी कठोर नाही म्हणून तमिळनाडूतील द्रमुक पक्षाने केंद्रातील आघाडी सरकारचा पाठिंबा काढून घेतला. परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरते ही पाठ्यपुस्तकातील समजूत अशा वेळी अपुरी पडते.

मार्च २०१४ मध्ये मात्र ठरावाचे स्वरूप बदलले. आता उच्चायुक्तांच्या कार्यालयाने स्वतः सर्वंकष तपास करावा असा परिच्छेद त्यात होता, म्हणजे कोलंबोच्या संमतीची अट गळून पडली होती. ठरावावर विचारच होऊ नये असा प्रस्ताव पाकिस्तानने मांडला आणि तो फेटाळला गेला. त्यानंतर तपासाच्या परिच्छेदावर वेगळे मतदान झाले आणि तो टिकला. अखेर २३ मते बाजूने, १२ विरोधात आणि १२ तटस्थ. भारत या वेळी तटस्थ राहिला आणि बाहेरून लादलेला तपास सार्वभौमत्वाला बाधक ठरतो असे कारण त्याने दिले. या ठरावामागे उच्चायुक्त नवी पिल्ले यांचा आग्रह होता. त्यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये श्रीलंकेला भेट दिली होती. दरबानमधील भारतीय वंशाच्या, वर्णभेदाच्या कायद्यांखाली वाढलेल्या या विदुषीला राष्ट्राच्या अंतर्गत कारभाराची सबब नवी नव्हती. तपास पथकाला श्रीलंकेत पाऊल ठेवू दिले गेले नाही, तरी सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचा विस्तृत अहवाल आला.

आणि मग आला एकमताचा क्षण. जानेवारी २०१५ मध्ये राजपक्षे पराभूत होऊन मैत्रीपाल सिरिसेना अध्यक्ष झाले होते, आणि १ ऑक्टोबर २०१५ रोजी परिषदेने मतदानाशिवाय संमत केलेल्या ठरावाचे खुद्द श्रीलंका हे सहप्रायोजक राष्ट्र होते. ज्याच्याविषयी ठराव आहे तेच राष्ट्र तो मांडण्यात सामील व्हावे, ही जिनिव्हातील दुर्मीळ घटना होती. ठरावात सत्यशोधन आयोग, बेपत्ता व्यक्तींसाठी कार्यालय, नुकसानभरपाई आणि विशेष न्यायिक यंत्रणा यांची आश्वासने होती, आणि त्या यंत्रणेत राष्ट्रकुलातील व अन्य परदेशी न्यायाधीश, वकील आणि तपास अधिकारी यांचा सहभाग महत्त्वाचा असल्याचे म्हटले होते. काही महिन्यांतच, जानेवारी २०१६ मध्ये, अध्यक्ष सिरिसेना यांनी एका मुलाखतीत परदेशी सहभाग आपल्याला मान्य नसल्याचे सांगून टाकले.

या ठरावातून काहीच निष्पन्न झाले नाही असे नाही. बेपत्ता व्यक्तींच्या कार्यालयाचा कायदा २०१६ मध्ये झाला, लष्कराने घेतलेल्या काही जमिनी परत मिळाल्या, युरोपीय संघाने २०१० मध्ये काढून घेतलेली व्यापारी सवलत २०१७ मध्ये पुन्हा दिली. परंतु न्यायिक यंत्रणा उभी राहिलीच नाही. त्याचे कारण एकमताच्या रचनेतच होते. श्रीलंका सहप्रायोजक झाल्यामुळे तपासाचे काम देशांतर्गत यंत्रणेकडे सोपवले गेले, उच्चायुक्तांच्या वाट्याला प्रगतीवर लक्ष ठेवणे आणि अहवाल देणे एवढेच उरले. २०१७ आणि २०१९ मध्ये, पुन्हा एकमतानेच, प्रत्येकी दोन वर्षांची मुदतवाढ दिली गेली. मुदतवाढ देणाऱ्यांना आपली मैत्री टिकवायची होती आणि घेणाऱ्यांना वेळ हवा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये, युद्धाच्या काळात संरक्षण सचिव असलेले गोटाबया राजपक्षे अध्यक्ष झाले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्या सरकारने सहप्रायोजकत्व मागे घेतल्याचे परिषदेत जाहीर केले. संमतीवर उभ्या केलेल्या इमल्याचा पायाच त्या एका निवेदनाने काढून घेतला.

अमेरिका २०१८ मध्ये परिषदेतून बाहेर पडली होती, म्हणून २०२१ च्या ठरावाचे नेतृत्व ब्रिटनकडे होते; प्रवर्तक गटात कॅनडा, जर्मनी, मलावी, माँटेनेग्रो आणि उत्तर मॅसिडोनिया होते. गटात आफ्रिकेतील एक राष्ट्र असणे याला केवळ शोभेपुरते महत्त्व नव्हते, हे वर दिलेल्या जागांच्या वाटपावरून लक्षात येईल. या ठरावाचा पहिला परिणाम तर तो संमत होण्यापूर्वीच दिसला. कोविडने दगावलेल्या सर्वांचे दहनच करण्याची सक्ती श्रीलंकेने केली होती, तान्ह्या मुसलमान बालकाचेही दहन झाले होते, आणि डॉक्टरांच्या व संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या आक्षेपांना सरकार दाद देत नव्हते. परंतु फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस, मुस्लिम राष्ट्रांच्या मतांची गरज भासू लागली असताना आणि पाकिस्तानचे पंतप्रधान इम्रान खान कोलंबोला येऊन गेल्यावर लगेच, दफनाला परवानगी देणारी राजपत्रित अधिसूचना निघाली. एरवी मतांच्या देवघेवीला तत्त्वच्युती म्हणून नाक मुरडले जाते. पण महिनोन्‌महिने अर्ज-विनंत्यांनी जे झाले नाही, ते या देवघेवीच्या नुसत्या शक्यतेने झाले.

२३ मार्च २०२१ रोजी २२ मते बाजूने, ११ विरोधात आणि १४ तटस्थ असा निकाल लागला. निम्म्याहून अधिक परिषद बाजूने नव्हती, हे कोलंबोने लगेच जगाला सांगितले. प्रांतिक परिषदांचा व तेराव्या दुरुस्तीचा उल्लेख मजकुरात असूनही भारत तटस्थ राहिला. तथापि या ठरावातील सहावा परिच्छेद आधीच्या कोणत्याही ठरावात नव्हता. गंभीर उल्लंघनांविषयीची माहिती व पुरावे गोळा करणे, त्यांची छाननी करणे, ते जतन करणे आणि अधिकारक्षेत्र असलेल्या अन्य राष्ट्रांच्या न्यायालयांतील कामकाजाला साहाय्य करणे, हे काम त्याने उच्चायुक्तांच्या कार्यालयावर सोपवले. त्यासाठी कोणाच्या संमतीची अट नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजूची मते २० वर आली, विरोधातली ७ वर, आणि तटस्थांची संख्या २० वर गेली. तरी काम चालू राहिले आणि २०२४ मध्ये त्याची मुदत मतदानाशिवाय वाढली.

एका राष्ट्राच्या उदाहरणावरून नियम काढणे घाईचे ठरेल, असा आक्षेप येथे घेता येईल. म्हणून मागे जाऊन पाहिलेले बरे. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना जमीन आणि वस्तीच्या बाबतीत वेगळे काढणाऱ्या १९४६ च्या कायद्याविरुद्ध भारताने त्याच वर्षी आमसभेत तक्रार नेली. विजयालक्ष्मी पंडित, ज्या पुढे महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, त्या शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या आणि मुंबईचे एम. सी. छागला त्यांचे सहकारी होते. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, ही दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स यांची भूमिका होती. नंतरच्या काळात भारताने दुसऱ्यांसाठी जो युक्तिवाद सहानुभूतीने ऐकला, तो तेव्हा त्याने ठामपणे नाकारला होता. भारताचा मूळ मसुदा बाजूला पडून फ्रान्स व मेक्सिको यांनी तयार केलेला सौम्य मजकूर पुढे आला, आणि ८ डिसेंबर १९४६ रोजी तो ३२ विरुद्ध १५ मतांनी, सात राष्ट्रे तटस्थ असताना, संमत झाला. दोन-तृतीयांश बहुमताची अट होती, त्यामुळे बाजूचे एक मत जरी फिरून विरोधात गेले असते तरी ठराव पडला असता. प्रिटोरियाने त्याला भीक घातली नाही. पुढे ६ नोव्हेंबर १९६२ च्या ठरावाने वर्णभेदाविरुद्ध एक विशेष समिती नेमली, तेव्हाही ६७ विरुद्ध १६ मते पडली आणि २३ राष्ट्रे तटस्थ राहिली. पाश्चात्त्य राष्ट्रांनी त्या समितीत बसायलाच नकार दिला. तरीही कागदपत्रे जमवणारी, साक्षी ऐकणारी आणि बहिष्काराची मोहीम जागती ठेवणारी समिती वर्णभेदाची राजवट कोसळेपर्यंत टिकली. तेथेही बळ मतैक्यातून आले नाही, नेमून दिलेल्या कामातून आले.

यावर अधिक गंभीर आक्षेप निवडकपणाचा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे श्रीलंकेविषयीचा ठराव ज्या दिवशी संमत झाला त्याच दिवशी, चीनमधील शिंजियांग प्रांताच्या परिस्थितीवर केवळ चर्चा घ्यावी, असा प्रस्ताव त्याच सभागृहात आला आणि १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. भारतासह ११ राष्ट्रे तटस्थ राहिली. उच्चायुक्तांच्या कार्यालयाचा अहवाल समोर असताना, तेथील विगूर मुसलमानांविषयीच्या चर्चेला पाकिस्तान, इंडोनेशिया आणि कतार यांनी विरोध केला. लहान राष्ट्राविरुद्ध पुरावे जमवायला परवानगी आणि मोठ्या राष्ट्राविषयी बोलायलाही बंदी, हे एकाच दिवशी घडल्यावर कोलंबोतील टीकाकारांना दोष देता येत नाही. परंतु या विषमतेतून निघणारा निष्कर्ष तपासून घ्यायला हवा. लहान राष्ट्रालाही सोडून द्यावे असे म्हटल्याने शिंजियांगमधील कोणाला दिलासा मिळत नाही, आणि श्रीलंकेच्या उत्तरेतील मुल्लैत्तीवूमधील ज्या माता हरवलेल्या मुलांची छायाचित्रे घेऊन वर्षानुवर्षे रस्त्याकडेला बसल्या आहेत, त्यांचा चीनच्या मतसंख्येशी काही संबंध नाही.

कामाला पैसा लागतो, ही याहून कमी चर्चिली जाणारी अडचण आहे. २०२१ च्या ठरावाचा खर्च सुमारे २८ लाख डॉलर अंदाजला गेला होता, आणि परिषदेने काम नेमले तरी त्याचा निधी न्यूयॉर्कमध्ये आमसभेची पाचवी, म्हणजे अर्थसंकल्पाची, समिती मंजूर करते. जिनिव्हात हरलेली राष्ट्रे तेथे पुन्हा उभी राहतात, आणि तेथील चर्चेकडे पत्रकार फिरकत नाहीत. म्हणून प्रवर्तक गटाचे काम मतदानाच्या दिवशी संपते असे समजणारे मुत्सद्दी अर्धीच लढाई लढतात. ज्यांच्या न्यायालयांत हे पुरावे वापरले जाऊ शकतात ती राष्ट्रेही बहुतांशी तीच आहेत ज्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. परदेशात झालेल्या अत्याचारांचे खटले आपल्या भूमीवर चालवण्याची तरतूद त्यांपैकी अनेकांच्या कायद्यात आहे, आणि सीरियातील छळाबद्दल जर्मनीतील कोब्लेंझच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये एका माजी अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावून ती वापरूनही दाखवली. श्रीलंकेच्या बाबतीत ती कितपत वापरायची, हे ठरवायला त्यांना आता जिनिव्हातील कोणाच्याही मताची गरज उरलेली नाही.